तडीपार की हद्दपार?

पेठकर: आमच्या कोपऱ्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय. वर नेत्यांचे गोल फोटो, मधोमध पांढऱ्या शर्टातले 'भाऊ', खाली 'भावी नगरसेवक'. हेच भाऊ मागच्या वर्षीपर्यंत तडीपार होते. मुलीने विचारलं, "बाबा, तडी म्हणजे काय?" मी म्हटलं, हद्द. "मग हद्दपार का नाही म्हणत?" इथे माझी बोलती बंद. कुणी सांगेल का?

नदीकाठचा: तड म्हणजे काठ, नदीचा किंवा तळ्याचा. आपण काम 'तडीस नेतो' ती तड हीच. काम पैलतीराला लागलं की संपलं; माणूस पैलतीरी धाडला की पीडा टळली! 'हद्द' मूळ अरबी. अर्थ जवळजवळ तोच, पण वापर बघा: पोलिओ हद्दपार होतो, प्लॅस्टिक हद्दपार होतं (कागदोपत्री तरी). तडीपार फक्त माणूस होतो. गंमत म्हणजे सरकारी आदेशात 'हद्दपार' लिहितात आणि पेपरात तेच 'तडीपार' होऊन येतं: 'पुणे शहर, पिंपरी-चिंचवड व पुणे ग्रामीणच्या हद्दीतून दोन वर्षांसाठी तडीपार.'

आता तुमच्या भाऊंचं. तडीपारी ही शिक्षा नव्हे, प्रतिबंधक कारवाई आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलमं 55 ते 57, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम 56 खाली तर आधी कोर्टात दोष सिद्ध व्हावा लागत नाही. भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. उलट आमदार-खासदारकीला अपात्र ठरायचं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 8 दोषसिद्धीच मागतं. म्हणजे ज्याच्या दहशतीने साक्षीदार गप्प बसतात, तो तडीपार होऊ शकतो आणि साक्षीदारच नाहीत म्हणून निवडणुकीला पात्रही राहू शकतो. गल्लीत तर तडीपारीचा वट वाढतो, हे तुम्ही बघताच आहात.

पेठकर: आणि भाषणात म्हणतात ते? जुलै 2024 मध्ये अमित शहा बालेवाडीत शरद पवारांवर बरसले, त्यावर पवारांनी त्यांची तडीपारी काढली होती.

नदीकाठचा: ते कलम 56 नव्हे. 2010 मध्ये सोहराबुद्दीन शेखच्या कथित बनावट चकमकीच्या प्रकरणात जामीन मिळाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने शहांना गुजरातबाहेर राहायला सांगितलं होतं. 2014 मध्ये ते त्या खटल्यातून आरोपमुक्त झाले. सभेत एवढं कोण सांगत बसतंय!

तळटीप: सगळे भाऊंवरच घसरलात. अहो, आंदोलन करणाऱ्या कार्यकर्त्यालाही हीच नोटीस येऊ शकते, आणि घरचे कायमचे 'तडीपाराचे घरचे' होतात. 2022 मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश रद्द केला. हा अपवादात्मक उपाय आहे, जपून वापरा, असं बजावलं. आणि माणसाला हद्द आखून देणं नवं नाही. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, काहींना तारेच्या कुंपणात डांबलं. सोलापुरात त्या वस्तीला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. कायदा 1952 मध्ये गेला, लोक 'विमुक्त' झाले. पण चोरी झाली की पहिली जीप अजून कुठल्या वस्तीत शिरते ते बघा. त्यांना तडीपार करायचीही गरज नव्हती, गावाने आधीच काठावर ठेवलेलं.

पेठकर: आभार. मुलीला 'तडीस नेणे' पटलं. आता पेपर घेऊन आलीय: 'सराईत' म्हणजे काय? त्यासाठी वेगळा धागा काढतो.