मुलगा डबा न खाता परत आणतोय

अमळनेरची_आई

नमस्कार. माझा मुलगा १४ वर्षांचा, नववीत आहे. जूनमध्ये शाळेचा ड्रेस शिवायला गेलो होतो. टेलरने कमरेला टेप लावला आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "चौतीस! पप्पांच्या मापाची पँट लागेल." वर्गातली दोन पोरं तिथेच उभी होती. घरी येईपर्यंत हा एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून सांगतो की डबा खाल्ला. परवा दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी वहीच्या कागदात गुंडाळलेले कळण्याच्या भाकरीचे तुकडे सापडले. वाळून पापडासारखे कडक झालेले. तिथेच बसून रडले मी.

दिवसभर उपाशी राहतो आणि रात्री अभ्यासाला बसला की केळीचे वेफर्स नि कोल्ड्रिंक. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. पी.टी.चा तास गणिताला जातो. उंची ५ फूट १ इंच, वजन ६१ किलो. सासूबाई म्हणतात, "खातंपितं पोरगं शे, नजर नका लावू." मैत्रीण म्हणते भाकरी-भात बंद कर. वाढत्या वयात असं बंद करावं का? आणि त्याच्याशी बोलू तरी कसं?

डॉ_गिरणाकाठ

ताई, भाकरी बंद करू नका. मी बालरोगतज्ज्ञ आहे, हे रोज बघतो. दिवसभर उपाशी राहिलेलं पोर रात्री हाताला लागेल ते खातं, यात त्याचा हावरटपणा नाही.

मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, या वयाला लावत नाहीत, वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता बघावा लागतो. त्याचं वजन वयाच्या मानाने जास्तच आहे. घरच्या घरी एक बघता येतं: कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. त्याची उंची ६१ इंच, म्हणजे कंबर साडेतीसच्या आत. पोटाची चरबी जास्त काळजीची, आणि आपल्याकडे ती बारीक दिसणाऱ्यांतही सापडते. त्याची मान मागून बघा. मळासारखी काळी, मखमली झालीय आणि घासून निघत नाही, असं असेल तर अंघोळीवरून रागावू नका. इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. तसंही एकदा डॉक्टरांना दाखवून साखर, लिव्हर, बीपी तपासून घ्या.

आता खाणं. पिकलेलं केळं साधारण १०० कॅलरीचं. तेच तळून वेफर्स झाले की १०० ग्रॅमला ५०० च्या पुढे. आपल्या जळगाव जिल्ह्यात केळीला तोटा नाही, त्याला केळंच द्या. कोल्ड्रिंकच्या ६०० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे बारा चमचे. आधी ती थांबवा, पण घरात सगळ्यांचीच. बापाने प्यायचं आणि पोराने बघायचं, हे चालत नाही. भाकरी, वरण, भाजी, ताक, मूठभर शेंगदाणे राहू द्या. शेवभाजी रविवारी होऊ द्या, फक्त वरची तर्री कमी घ्या. त्याची उंची अजून वाढायची आहे. सध्या वजन आहे तिथे थांबलं, तरी उंचीबरोबर अंग सुटसुटीत होतं. आणि झोप ८ ते १० तास. ती कमी पडली की भूक वाढते.

मैदानवाले_सर

धुळ्यात पी.टी. शिकवतो. गणिताला दिलेला तास शाळेत जाऊन परत मागा ताई, चार पालक मिळून जा. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आठवड्यातून ३ दिवस जोरकस.

जाड पोराला क्रिकेटमध्ये अंपायर करतात नाहीतर सीमेवर उभं करतात. तास जातो, घाम येत नाही. त्याला कबड्डीत घाला. तिथे पकडीला वजन लागतं, त्याचं अंग तिथे कामाचं आहे. हे एकदा त्याला कळलं की तुम्हाला ढकलावं लागणार नाही. वजनकाटा लगेच हलला नाही तरी घाबरू नका. खेळाने स्नायू भरतात, पोटाची चरबी उतरते, काट्याला दोन्ही सारखंच. ऊन मात्र सांभाळा, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर मैदान नको.

सातपुड्याची_लेक

फक्त एवढंच सांगते, ताटावर बसला असताना वजनाचा विषय काढू नका. माझ्या मुलीला मी काढायचे. वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढतेच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिने माझ्यासमोर जेवणंच सोडलं होतं.

अमळनेरची_आई

अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय. मान खरंच काळी होती आणि मी वर्षभर साबणाने घासत होते! तपासण्या केल्या. साखर काठावर आहे, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलंय. भाकरीच्या तुकड्यांबद्दल त्याला काही विचारलं नाही. डब्यात एक भाकरी कमी केली आणि केळं ठेवलं. पहिले आठ दिवस नुसतं केळंच खाल्लं, मग हळूहळू डबा रिकामा यायला लागला. यांनी कोल्ड्रिंक आणणं बंद केलं. सासूबाई रात्री चणे-शेंगदाणे भाजून देतात, आता त्यांचंही मन राखलं जातं.

संध्याकाळचा एक क्लास सोडला. बोरी नदीकडच्या मैदानावर कबड्डीला जातो, कोपऱ्याला खेळतो. वजन ६१ च, पण कंबर साडेबत्तीस आणि उंची पाऊण इंच वाढली. सर, एक विचारायचं होतं. पकडीत गुडघे सोलवटून येतात, काल पँटला रक्त लागलं होतं. नी-कॅप घालून खेळू द्यावं का, की त्याने पाय अडकतो?