कार्बोरेटर उघडण्याआधी प्लग काढून बघा

तुमची पद्मिनी (प्रीमियरची जुनी कार) लिटरला आठच किलोमीटर देते आणि मेकॅनिक थेट नवा कार्बोरेटर (इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बसवायला सांगतोय, हे वाचून राहवलं नाही. कृपा करून एवढ्यात पैसे घालू नका.

वीसेक किलोमीटर सलग चालवून इंजिन बंद करा, गार झाल्यावर चारही स्पार्क प्लग काढा. टोकं कोरड्या काजळीने काळी असतील तर पेट्रोल जास्त जातंय. फिकट विटकरी असतील तर मिश्रण ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. माझ्या गाडीत चारही काळेकुट्ट निघाले होते. एअर फिल्टर स्वच्छ होता. मग फिल्टरचं झाकण काढून आत पाहिलं, तर चोकची (गार इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी सोय) दांडी पूर्ण आत ढकलूनही हवा अडवणारी पाकळी अर्धी मिटलेलीच! केबल गंजून अडकली होती. केबल बदलली, काम झालं.

पाकळी सरळ उभी, म्हणजे पूर्ण उघडी राहत असेल तर फ्लोटची नीडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) तपासा. ती झिजली की पेट्रोल वर चढतं, गरम इंजिन बंद केल्यावर वासही येतो.

आणि हो, जॅक लावून चाकं हाताने फिरवून बघा. ब्रेक घासत असेल तर कार्बोरेटर बिचारा निर्दोष असतो. मायलेज मात्र टाकी फुल ते फुल असंच मोजा, पेट्रोलच्या काट्यावर जाऊ नका.