मदत हवी आहे : कैरोत कोणती अरबी आधी शिकावी?

नमस्कार. मी दोन महिन्यांपासून कैरोच्या मआदी भागात राहून सुदानी निर्वासित मुलांना गणित शिकवण्याचे स्वयंसेवी काम करत आहे. पुण्यात शिकलेल्या प्रमाण अरबीत ‘मला हवे आहे’ यासाठी ‘उरीदु’ म्हणतात. इथे मात्र भाजीवाला ‘आयिझ’ म्हणतो, ‘जमील’ (सुंदर) या शब्दाचे ‘गमील’ होते, आणि मुलांच्या आयांची सुदानी बोली तर आणखी निराळी आहे. कोशरी (भात, मसूर आणि पास्ता यांचा पदार्थ) आणि ‘फूल’ (शिजवलेल्या बाकला कडधान्याचा पदार्थ) मिळत असल्याने शाकाहारी जेवणाची चिंता नाही, पण एखादी आई मुलाच्या आजारपणाविषयी सांगत असताना मला अर्धेच कळते, याचे फार वाईट वाटते. इजिप्तमध्ये राहिलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे : आधी कैरोची बोली पक्की करावी की सुदानी, आणि त्यासाठी शिकवणी लावावी का?