मदत हवी आहे: थीमच्या सेटिंगमध्ये रंग बदलला, तरी इतरांना जुनाच दिसतो

मंडळी, वर्डप्रेससाठी (वेबसाइट बनवायची प्रणाली) स्वतःची थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा कोड, लिहितोय. कस्टमायझरमध्ये (थीमच्या सेटिंग बदलून, पब्लिश करण्याआधी प्रिव्ह्यूत बघायचं पान) तीनच सेटिंग ठेवल्यात: मुख्य रंग, लिंकचा रंग, मजकुराचा फॉन्ट साइज. त्यावरून सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) तयार व्हावी म्हणून एक पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा कोड) केली. ती आधी डब्ल्यूपी-लोड (वर्डप्रेस सुरू करणारी फाइल) ओढून घेते, 'ही सीएसएस आहे' असं ब्राउझरला सांगणारा टेक्स्ट/सीएसएस हेडर पाठवते, मग गेट_थीम_मॉडने व्हॅल्यू वाचून नियम छापते. (हेडर विसरलो होतो तेव्हा ब्राउझर फाइलला स्टाइलशीट मानायलाच तयार नव्हता. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.)

फाइल फार हळू यायची, म्हणून मॅक्स-एज (ब्राउझरने फाइलची प्रत किती वेळ जपून वापरावी) २५९२००० सेकंद टाकलं, म्हणजे ३० दिवस. आता गंमत अशी:

प्रिव्ह्यूत रंग बदलतच नाही. पब्लिश केलं की मला नवा दिसतो, पण मित्राच्या मोबाइलवर जुनाच. डेटाबेसमध्ये नवी व्हॅल्यू आहे, बघितलं. कुठे चुकतंय?

अर्धविराम: तुमच्या ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडी आणि 'डिसेबल कॅश'वर (साठवलेली प्रत वापरू नको) टिक, असं आहे का? आणि स्टाइलशीटला (सीएसएसची फाइल) व्हर्जन, म्हणजे पत्त्याला जोडला जाणारा आकडा, काय देताय?

धागाकर्ता: टिक आहे खरी. व्हर्जन १.० लिहिलंय, पहिल्या दिवसापासून तेच.

अर्धविराम: मग दोन वेगळे आजार आहेत. टिकमुळे तुमचा ब्राउझर दर वेळी नवी फाइल आणतो, मित्राचा नाही. पत्ता तोच, व्हर्जन तेच, वर ३० दिवसांची मुभा तुम्हीच दिलीत, तर मित्राचा ब्राउझर कशाला परत विचारायला येईल?

प्रिव्ह्यूचं कारण निराळं. कस्टमायझर न जतन केलेल्या व्हॅल्यू फक्त प्रिव्ह्यूच्या पानाच्या रिक्वेस्टपुरत्या फिल्टरने घुसवतो. तुमची पीएचपी फाइल ही वेगळी रिक्वेस्ट, तिला डेटाबेसमधली जुनीच व्हॅल्यू मिळणार. शिवाय तीन ओळींसाठी अख्खं वर्डप्रेस दुसऱ्यांदा लोड होतंय. फाइल हळू का, ते इथेच कळलं असेल.

ती फाइल काढूनच टाका. साध्या स्टाइलशीटमध्ये रंगांच्या जागी सीएसएस व्हेरिएबल (एकदा ठरवून सगळीकडे नावाने वापरायची व्हॅल्यू) वापरा आणि रूटमधल्या (सीएसएसची सगळ्यात वरची पातळी) तीन व्हॅल्यू डब्ल्यूपी_ऍड_इनलाइन_स्टाइल या फंक्शनने पानातच छापा. रंग सॅनिटाइझ_हेक्स_कलरमधून (रंगाचा कोड बरोबर लिहिलाय का ते तपासणारं फंक्शन) गाळून घ्या. चुकीचा असेल तर हाती काही लागत नाही, तेव्हा डिफॉल्ट ठेवा.

धागाकर्ता: केलं. आता काहीच छापत नाही, एररही नाही. हे जास्त वाईट.

रिकामा डबा: हँडल, म्हणजे स्टाइलशीटला कोडमध्ये दिलेलं नाव, तपासा. त्या नावाची स्टाइलशीट आधी नोंदलेली नसेल तर डब्ल्यूपी_ऍड_इनलाइन_स्टाइल निमूटपणे फॉल्स ('नाही') परत देतं. डब्ल्यूपी_एनक्यू_स्टाइलनंतर (स्टाइलशीट पानाला जोडणारं फंक्शन), त्याच फंक्शनमध्ये, तेच हँडल देऊन बोलवा.

धागाकर्ता: एका ठिकाणी हायफन, दुसऱ्या ठिकाणी अंडरस्कोर! आता प्रिव्ह्यूही चालतोय, मोबाइलवरही नवा रंग आला. पण पुढे सेटिंग वाढली तर सगळं पानात छापणं बरं दिसेल का?

रिकामा डबा: शेकडो ओळी झाल्या तर कस्टमाइझ_सेव्ह_आफ्टर या हुकवर (सेटिंग जतन झाल्यावर आपला कोड चालवायची जागा) अपलोड्स फोल्डरमध्ये खरी सीएसएस फाइल लिहा आणि व्हर्जन म्हणून फाइलएमटाइम (फाइल शेवटची बदलली ती वेळ) द्या. प्रिव्ह्यूसाठी मात्र तेव्हाही इनलाइन (पानातच छापलेली सीएसएस) लागेलच, फाइल जतन केल्यावरच लिहिली जाते.

अर्धविराम: व्हेरिएबल वापरलेत तर शेकडो ओळी होणारच नाहीत, हे माझं मत. एक मात्र बघा: आता रंग एचटीएमएलमध्ये आहे. पेज कॅशचं प्लगइन (तयार पानं साठवून तीच पुन्हा देणारी जोडणी) असेल तर पब्लिश केल्यावर तो कॅश रिकामा व्हायला हवा, नाहीतर तोच मित्र परत फोन करेल.

धागाकर्ता: आहे प्लगइन. आत्ताच बघतो.