जळगाव जिल्ह्यातून पाच महिने, सहा देश, टूर कंपनीशिवाय: क्रम, व्हिसा, पैसे कसे बसवायचे?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. डिसेंबर ते एप्रिल असे पाच महिने मी आणि माझा चुलतभाऊ बाहेर पडतोय. बागेचं पाणी-खत थोरले भाऊ पाहतील, तो प्रश्न मिटलाय.

कच्चा बेत असा: मुंबईहून बँकॉक, तिथून कंबोडिया, व्हिएतनाम, लाओस, पुन्हा थायलंड, मग खाली मलेशिया आणि इंडोनेशिया. जमेल तिथं बस आणि रेल्वे. पुढची हॉटेलं आधीपासून बुक करायची नाहीत.

अडलंय ते इतकं:
क्रम बरोबर आहे का? चुलतभावाच्या पासपोर्टवर ईसीआरचा (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी, असा) शिक्का आहे, त्याने अडवतील का? रोख किती, कार्ड कोणतं? तिकडे गाडी भाड्याने घेतली तर आपलं लायसन चालतं का? आणि दोघंही माळकरी आहोत, मासे-मटण वर्ज्य.

भुसावळ_जंक्शन

देश चांगले निवडलेत भाऊ, क्रम बदला.

थायलंड-कंबोडियामधली जमिनीवरची नाकी जून २०२५ मध्ये सीमेच्या भांडणावरून बंद झाली. अरण्यप्रथेत-पोइपेत ही जुन्या लिखाणात सगळीकडे सापडणारी वाट, पण तिच्या भरवशावर बेत आखू नका. दुसरं म्हणजे धूर. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंड आणि लाओसात शेतातले धसकट आणि डोंगरउतार जाळतात. चियांग माय आणि लुआंग प्रबांगला त्या दिवसांत समोरचा डोंगरही दिसत नाही. तुमच्या क्रमाने तुम्ही नेमके त्याच वेळी तिथं पोचता.

म्हणून असं करा: बँकॉक, चियांग माय, परत खाली येऊन रात्रीच्या गाडीने नोंग खाय, पूल ओलांडून व्हिएन्टियान, लुआंग प्रबांग, मग हनोई, तिथून रेल्वेने टप्प्याटप्प्याने सायगाव (हो ची मिन्ह सिटी), बसने मोक बाय-बावेत नाक्यावरून नोम पेन्ह, तिथून विमानाने क्वालालंपूर, शेवटी इंडोनेशिया. मध्ये एकच विमान लागतं आणि थायलंडात एकदाच शिरावं लागतं. मलेशियातून इंडोनेशियाला जाताना सिंगापूर टाळा, आपल्याला तिथला व्हिसा वेगळा लागतो. जोहोर बाहरूहून बाताम बेटाला थेट बोट आहे, तीच धरा.

आता दिवस. थायलंडने जुलै २०२४ पासून आपल्याला बिनव्हिसा ६० दिवस दिले, पण ते कमी करण्याची चर्चा तिकडे अधूनमधून उठते. बेत ३० दिवसांतच बसवा आणि तिकीट काढण्याआधी दूतावासाची साइट बघा. मे २०२५ पासून टीडीएसी नावाचा आगमनाचा फॉर्म उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करायची. लाओसचा ३० दिवसांचा व्हिसा पुलावरच मिळतो. डॉलर आणि एक फोटो जवळ ठेवा, बाटमध्ये भरलं तर महाग पडतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशाला २५ डॉलर. कंबोडिया ३० दिवस. मलेशियाची ३० दिवसांची बिनव्हिसा सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर आहे, तुमची तारीख त्यापुढे जात असेल तर मुदतवाढ झाली का ते पाहा. इंडोनेशियाचा उतरल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियाचा, ३० दिवसांचा, एकदाच वाढवून मिळतो.

फसगत जास्त होते ती व्हिएन्टियान-हनोई स्लीपर बसला. बस संध्याकाळी निघते, पहाटेच्या अंधारात लाओस-व्हिएतनाम सीमेवरच्या काउ त्रेओ नाक्यावर पोचते आणि फाटक उघडेपर्यंत, म्हणजे सकाळी सातच्या सुमारापर्यंत, तिथंच उभी राहते. लाओसचे ३० दिवस आदल्या रात्री बाराला संपले असतील तर बसमध्ये झोपल्या झोपल्या तुम्ही एक दिवस जास्त राहिलेले असता आणि दिवसाला १० डॉलर दंड बसतो. तिकडे व्हिएतनामच्या ई-व्हिसावर जी पहिली तारीख असेल तिच्या आत शिरू देत नाहीत, उशिरा गेलं तर चालतं. म्हणून ई-व्हिसाची सुरुवात ठरलेल्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधीची टाका, आणि लाओसात २८व्या दिवसापलीकडे ताणू नका. उतरल्याचा दिवस हा पहिला दिवस धरतात. फॉर्ममध्ये प्रवेशाचं ठिकाण विचारतात तिथं हनोई विमानतळ न टाकता काउ त्रेओ टाकायचं.

व्हिएतनामचं नवं वर्ष, टेट, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीदरम्यान कधीतरी येतं. तो आठवडा एका गावात बसून काढा. रेल्वे भरलेली, दुकानं बंद, ई-व्हिसाचं ऑफिसही बंद. अर्ज त्याच्या पुरेसा आधी करा.

अमळनेरकर

ईसीआरचं काम आधी हाती घ्या, बाकीचं नंतर.

तो शिक्का १८ देशांना नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता आहे, फिरायला जाणाऱ्याला कायद्याने आडकाठी नाही. पण त्या १८ मध्ये थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया, तिन्ही आहेत. एकट्या तरुणाच्या पासपोर्टवर ईसीआर, परतीचं तिकीट नाही, मुक्काम पाच महिने, हे पाहून मुंबईच्या इमिग्रेशनला मजुरीला चालल्याची शंका येणारच. चुलतभाऊ दहावी पास असेल तर शिक्का काढता येतो. पासपोर्ट सेवाच्या साइटवर ‘री-इश्यू’ निवडायचं, कारणात ईसीआर काढणे, सोबत दहावीचं प्रमाणपत्र. दहावी नसेल आणि आयकर भरत असेल तर त्या कागदांवरही होतं. जळगावच्या पोस्टातल्या केंद्रात अपॉइंटमेंट मिळते. ३६ पानांना १५०० रुपये, ६० पानांना २०००. ६० पानीच घ्या. लाओस आणि कंबोडियाचे व्हिसा अख्खं पान खातात, वर शिक्के वेगळे.

पत्ता बदललेला असेल तर पोलीस पडताळणीत वेळ जातो, म्हणून दिवाळीच्या आधी अर्ज टाका. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत शिल्लक हवी.

नाव भरताना घोळ होतो तो वेगळाच. आपल्याकडे पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये असतं, आडनाव वेगळं. काही जण ई-व्हिसात वडिलांचं नाव गाळतात. फोटोच्या पानावर खाली जी दोन ओळींची बाणांची पट्टी असते, तिच्यात जसं आहे तसंच भरायचं. एक अक्षर चुकलं तरी नवा अर्ज, नवे २५ डॉलर.

शिरपूर_१८

पुढचं काही बुक करायचं नाही हे हॉटेलपुरतं ठीक, विमानाला नाही. मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनीच विचारते, थायलंडमधून बाहेर कसे जाणार? तिकडून माणूस परत पाठवला तर खर्च कंपनीच्या माथी येतो, म्हणून ते ऐकत नाहीत. ‘बसने लाओसला जाऊ’ हे उत्तर एखाद्याला पटतं, एखाद्याला नाही. बँकॉक-क्वालालंपूरचं स्वस्तातलं खरं तिकीट काढा आणि ते पैसे गेले असं समजा. नेटवर मिळणारी खोटी तिकिटं दाखवू नका, काउंटरवर पीएनआर तिथल्या तिथे तपासतात.

पैसे. कायद्याने एका प्रवासाला परदेशी नोटा ३००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण इतक्या लागत नाहीत. माणशी ५००-६०० डॉलर रोख पुरे, बाकी एटीएम. नोटा अधिकृत मनी चेंजरकडून, पावतीसकट. पावती जपून ठेवा. आणि नोटा घेताना काउंटरवरच एकेक उजेडात धरून पाहा. कडेला अर्धा मिलिमीटर चीर, पेनाचा ठिपका, बँकेचा शिक्का, घडीवर पांढरी पडलेली रेघ, यातलं काही असलं तरी कंबोडियात ती नोट परत हातात देतात. तिकडे डॉलर बाजारात चालतो, म्हणून सगळे नोट पारखून घेतात. १०० च्या नोटा मोडायला बऱ्या, व्हिसासाठी १०, ५ आणि १ च्या थोड्या वेगळ्या ठेवा. सगळ्या वहीच्या पुठ्ठ्यात सपाट, पाकिटात घडी घालून नाही.

कार्डं दोन बँकांची, व्हिसा किंवा मास्टरकार्ड, दोघांच्या बॅगांत वाटून. नुसतं रुपे असेल तर अडाल. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ॲपमध्ये जाऊन एटीएम, दुकान आणि ऑनलाइन अशी तिन्ही बटणं चालू करा. थायलंडचं एटीएम प्रत्येक वेळी २२० बाटच्या घरात शुल्क कापतं, म्हणून थोडं थोडं काढू नका. आणि मशीन ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणायचं, त्यात दर वाईट लावतात. लाओसचे किप लाओसातच संपवा, बाहेर कोणी घेत नाही. व्हिएतनामात २०,००० आणि ५,००,००० च्या दोन्ही नोटा निळ्या आहेत. संध्याकाळी रिक्षावाल्याला देताना शून्यं मोजा.

सगळ्यात मोठी गोची सिमची. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच चालू करून घ्या, तिकडे गेल्यावर चालू करायलाही ओटीपीच मागतात. वर्षाची मुदत असलेला रिचार्ज मारून निघा. मुदत संपली की येणारे मेसेजही थांबतात आणि ९० दिवस वापर नसेल तर नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो. डेटा रोमिंग बंद ठेवा. फोन चालत असेल तर तिकडचं नेट ई-सिमवर घ्या, म्हणजे आपलं सिम काढावं लागत नाही. पिनने ते बाहेर काढताना बसमध्ये पडलं तर पाच महिन्यांची बँक गेली.

विमा निघण्याआधीच घ्यावा लागतो, देशाबाहेर गेल्यावर आपल्या कंपन्या देत नाहीत. वार्षिक पॉलिसी स्वस्त दिसते पण एका फेरीला ३० किंवा ६० दिवसांचीच मर्यादा असते. तुम्हाला एकाच फेरीची, सगळे दिवस धरणारी हवी.

केळीबाग_रावेर

भारी माहिती. ईसीआरचा अर्ज या आठवड्यातच टाकतो. गाडीचं आणि जेवणाचं कोणी सांगेल का? उत्तर व्हिएतनामचा डोंगराळ भाग गाडीवर करायचा विचार होता.

तोरणमाळ_घाट

व्हिएतनामात नका करू.

आपल्या आरटीओतून, एमएच-१९ असो की ३९, हजार रुपयांत गाडी चालवायचं जे आंतरराष्ट्रीय परमिट मिळतं ते रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारावरचं. व्हिएतनाम फक्त १९६८ च्या कराराचं मानतो. म्हणजे कागद हातात असूनही तुम्ही तिथं बिनपरवाना. भाड्याने देणारा विचारत नाही, तो पैसे घेऊन किल्ली देतो. पोलिसांनी अडवलं तर दंड, तो एक वेळ भरता येईल. पण उत्तरेतल्या ‘हा ज्यांग’ भागातल्या घाटात पाय मोडला तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचा विचारते आणि दावा तिथंच संपतो. तिकडे स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरवतात, ते घ्या. किंवा बस.

थायलंड आणि लाओसात आपलं परमिट चालतं. सारथी पोर्टलवर अर्ज, पासपोर्ट, व्हिसा किंवा तिकीट आणि लायसन लागतं, मुदत एक वर्ष. मिळाल्यावर आत ‘ए’ वर्गाच्या चौकटीत शिक्का आहे ना ते तिथंच पाहा. नुसत्या चारचाकीचा शिक्का असेल तर दुचाकीला उपयोग नाही. मूळ लायसनही सोबत हवं. गाडी घेताना पासपोर्ट गहाण ठेवायचा नाही, रोख अनामत द्या. आणि चाकापासून टाकीपर्यंत प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ मालकासमोर काढा, परत करताना जुन्याच ओरखड्याचे पैसे मागतात.

कुत्रं चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पहिली लस. पुढचे डोस ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. तारखांचं कार्ड जपा, पुढच्या देशात तेच दाखवून राहिलेले डोस घेता येतात.

भरीत_पुरी_यावल

जेवणाचं मी सांगते. या भागात ‘भाजी’ म्हटलं तरी रश्शात माशाचा अर्क असतो, कारण त्यांच्याकडे मिठाची जागाच त्याने घेतलीय. ‘नो मीट’ म्हणून सुटका नाही. थायलंडमध्ये ‘जे’ म्हणायचं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते दुकान पूर्ण शाकाहारी, अंडं-दूधही नाही, कांदा-लसूणही नाही. माळकऱ्यांना याहून सोयीचं काय? व्हिएतनामात ‘चाय’ लिहिलेली खानावळ शोधा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिकडे बरेच लोक चाय खातात, त्या दिवशी साध्या खानावळीतही मिळतं. लाओसात चिकट भात, उकडलेल्या भाज्या आणि केळी यावर भागवा. तिथली लाल चटणी विचारल्याशिवाय घेऊ नका, बहुतेक मासळीची असते. मलेशियात आपल्या लोकांच्या केळीच्या पानावरच्या खानावळी आहेत, तिथं पोचलात की चिंता मिटली.

काळा मसाला न्याल तर घरी सांगून खसखस न घातलेला करून घ्या. सिंगापूर आणि दुबईला खसखस अमली पदार्थात मोजतात, विमान बदलायला उतरलात तरी लागू. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत टाकू नका, सुकं खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून ते काढून ठेवतात. ज्वारीचं पीठ पाच महिने टिकत नाही, पोरकिडे होतात. त्यापेक्षा भाजलेल्या दाण्याची लसूण-मिरची चटणी पाव-पाव किलोची, हवाबंद पाकिटात, मोठ्या बॅगेत. मिरची हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, १०० च्या आत आहे, चालतं. आकडा पुसला गेला असेल तर जप्त करतात.

भुसावळ_जंक्शन

ताईंच्या यादीत एक भर. व्हिएन्टियान-लुआंग प्रबांग रेल्वेत, ती डिसेंबर २०२१ ला सुरू झालेली चिनी बनावटीची, स्टेशनवर बॅगा तपासतात. सुरी आणि फवारणीचे डबे, मग ते डासांचे असोत की अंगाला मारायचे, काढून घेतात. चटणीला काही करत नाहीत.

शिरपूर_१८

आणि निघण्याआधी रब्बीचं काय ते ठरवा. ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पिकाची मोबाइलवरून नोंद) डिसेंबर-जानेवारीत येते आणि ॲप शेतात उभं राहून फोटो मागतं. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, तेव्हा तुमचं खातं थोरल्या भावाच्या फोनवर आधीच जोडून घ्या. नोंदीचा ओटीपी तुमच्या सिमवर येतो, म्हणून हे घरून निघण्याआधी, समोरासमोर बसून करा.