मदत हवी आहे : लाटेकमध्ये दुसऱ्या, ₹ आणि कन्नड नावं नीट येईनात

नमस्कार मंडळी, मी खानापूरकडचा, गावच्या पतसंस्थेचा अहवाल झीलाटेकमध्ये (XeLaTeX, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून छपाईची पानं तयार करणाऱ्या लाटेकचा युनिकोडवाला प्रकार) कराय लागलोय, वर्डमध्ये टेबलं हलत्यात म्हणून हौसेनं इकडं आलो आणि फसलो. पहिल्यांदा तर 'व्याज १२%' लिहिलं की त्या ओळीतलं पुढचं सगळं गायब! अर्धा दिवस गेला तेव्हा कळलं की % च्या पुढचं सगळं लाटेकला कॉमेंट (छापायचा नसलेला शेरा) वाटते, % च्या आधी बॅकस्लॅश (\) द्यावा लागतोय. ते सुटलं.

आता 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यातला र काही ठिकाणी बरोबर येतोय आणि काही ठिकाणी रफार होऊन 'दुसर्या' दिसायलंय. नुक्तावाला ऱ आणि हलंत असं टाइप केलं की बरोबर येतंय, पण व्हॉट्सॲपवरनं आलेल्या मजकुरात साधा र आहे, तीसेक पानं आहेत, हातानं कोण बदलणार? सरसकट फाइंड-रिप्लेस केलं तर 'सूर्य', 'कार्य' पण बिघडणार की. ₹ च्या जागी चौकोन येतोय, फॉन्टात ते चिन्हच नसेल, मग तेवढ्यापुरता दुसरा फॉन्ट कसा लावायचा?

आणि सभासदांची नावं कन्नडमध्येपण हवीत. यूचारक्लासेस (ucharclasses) पॅकेजनं लिपीप्रमाणं फॉन्ट आपोआप बदलतोय म्हणे, पॉलिग्लॉसियासोबत (polyglossia, वेगवेगळ्या भाषांसाठीचं पॅकेज) कुणी वापरलंय काय? चालणारा नमुना असला तर टाका की, पुढच्या आठवड्यात छपाईला बेळगावला द्यायचंय.