मदत हवी आहे: पाण्याखालचा रोबोट स्विमिंग पूलमध्ये मध्येच बंद पडतोय (अर्जंट)

सईसावर
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. मी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला आहे, आमची रोबोटिक्स टीम मेट आरओव्ही या पाण्याखालच्या, केबलने चालवायच्या रोबोटच्या कॉम्पिटिशनला उतरतेय आणि तारीख अगदी तोंडावर आलीय. प्रॉब्लेम असा की रोबोट पाण्यात नीट जातो, वळतो, ग्रिपर चालतो, पण वर यायला जोरात थ्रॉटल दिला की कॅमेऱ्याचं चित्र जातं, जॉयस्टिक डिसकनेक्ट होते आणि थोड्या वेळाने आपोआप सगळं परत येतं. टेबलवर कधीच होत नाही. मागच्या शनिवारी शाळेतल्या मुलांसाठी आउटरीच डेमो ठेवला होता, तिथे दुपारभर सुरळीत चालला. मला वाटतं कोडमध्ये काहीतरी अडकतंय. पायथॉन येणारं कोणी बघेल का? प्लीज लवकर सांगा.

खटपट्या
कोड कुठंय? आणि आत कुठला कंट्रोल बोर्ड आहे ते तरी सांगा, आर्डुइनो, रास्पबेरी पाय, की अजून काही? सप्लाय किती व्होल्टचा? थ्रस्टर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या मोटर, कुठले? एवढ्यावरून काय कळणार.

दर्यावर्दी
पाणी जातंय आत. शंभर टक्के. माझा या कामातला अनुभव आहे, दहातले नऊ वेळा ओ-रिंगच, म्हणजे झाकणाची रबरी रिंगच असते. ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण आहे का बघा, सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅक्यूम पंपाने इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्यूबमधली हवा ओढून दाब टिकतो का ते तपासा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

सईसावर
पाणी नाहीये हो, आतला टिशू पेपर कोरडा निघतो. रास्पबेरी पाय आहे, इथरनेटने वर लॅपटॉपला. थ्रस्टर सहा, ईएससीवर, म्हणजे मोटरच्या स्पीड कंट्रोलरवर. सप्लाय 12 व्होल्ट. कोड मोठा आहे, कुठला भाग टाकू?

काटकोन
कोड राहू दे. वर यायलाच का होतं याचा विचार कर. वर येताना उभे थ्रस्टर पूर्ण जोरात, म्हणजे करंट सगळ्यात जास्त. रास्पबेरी पायला 5 व्होल्ट कुठून मिळतात? टेदर, म्हणजे वरून रोबोटपर्यंतची केबल, किती लांब, तांब्याची वायर किती गेजची (गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड)? तुमचा एसआयडी, म्हणजे सगळी जोडणी दाखवणारा डायग्राम असेलच, डॉक्युमेंटेशनमध्ये द्यावाच लागतो. तोच टाक इथे.

गगनभरारी
मी म्हणतो पाण्यात इलेक्ट्रॉनिक्स घालायचंच कशाला. व्हेक्स यू करा, जमिनीवरच्या रोबोटची कॉलेजवाल्यांची कॉम्पिटिशन. आमची टीम तेच करते, बॅटरी रोबोटवरच बसते, टेदरची कटकट नाही, थ्रीडी प्रिंट केलेले पार्ट चालतात, शिवाय बॉट्स फिरताना बघायला आउटरीचला गर्दी पण जास्त होते.

खटपट्या
@गगनभरारी, तिची कॉम्पिटिशन तोंडावर आलीय आणि तुम्ही खेळच बदलायला सांगताय.

सईसावर
एसआयडी घरच्या लॅपटॉपवर नाही, संध्याकाळी टाकते. टेदर 18 मीटर, पॉवरच्या दोन वायर 16 गेज. पायला 5 व्होल्ट त्याच 12 मधून, आत व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर आहे. पण शाळेत हेच सगळं चालत होतं ना! हां, शाळेत 3 मीटरची केबल होती, मुलांच्या पायात येऊ नये म्हणून.

काटकोन
मग उत्तर तिथेच आहे. 16 गेज तांब्याला मीटरमागे साधारण 13 मिलिओहम रेझिस्टन्स असतो. जायची एक वायर आणि यायची एक, म्हणजे 36 मीटर, म्हणजे जवळपास 0.47 ओहम. थ्रस्टर मिळून 12 अँपिअर ओढत असतील तर वायरमध्येच साडेपाच व्होल्टच्या वर जातात. रोबोटपर्यंत उरतात सहा-साडेसहा. एवढ्यावर बऱ्याच बक कन्व्हर्टरना 5 धरून ठेवता येत नाही. शाळेतल्या केबलमध्ये हेच गणित केलं तर एक व्होल्टही जात नाही, म्हणून तिथे चाललं. पायला 4.63 च्या खाली आलं की तो अंडर-व्होल्टेज धरतो, अजून खाली गेला की रीबूट. तुझं "थोड्या वेळाने परत येतं" म्हणजे तो बूट होतोय.

बाराभानगडी
मोठा कपॅसिटर टाका बक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक डायोड, म्हणजे थ्रस्टर त्यातलं ओढणार नाहीत. मी ड्रोनला असंच केलंय. वायर बदलायची काहीच गरज नाही.

काटकोन
कपॅसिटर क्षणभराचा झटका सांभाळतो. ही वर येताना सलग काही सेकंद पूर्ण थ्रॉटल देते, तेवढा वेळ पाय चालवायला किती मोठा कपॅसिटर लागेल ते मांडून बघा की. ड्रोनमध्ये बॅटरी वीतभर अंतरावर असते, इथे 18 मीटर लांब आहे.

बाराभानगडी
मग पायला वेगळी छोटी बॅटरी द्या आत. विषय संपला.

खटपट्या
मेटमध्ये टेदरवाल्या रोबोटच्या आत बॅटरी चालत नाही. सेफ्टी इन्स्पेक्शनलाच थांबवतील. सई, तुम्ही कॉम्पिटिशनच्या कुठल्या क्लासला, म्हणजे गटात आहात? एक्सप्लोरर क्लासवाले 48 व्होल्ट खाली पाठवतात आणि रोबोटमध्ये उतरवून 12 करतात, त्यामुळे करंट कमी आणि वायरमधला लॉस पण कमी. तुमच्या क्लासच्या मॅन्युअलमध्ये किती व्होल्ट चालतात ते आधी वाच.

सईसावर
पायोनियर. पण आता नवीन कन्व्हर्टर आणून सगळं परत जोडायला वेळ नाही हो. आज पूलवर बघितलं, डोमच्या मागे पायचा लाल दिवा दिसतो, थ्रॉटल वर नेला की तो विझतो आणि लगेच चित्र जातं. म्हणजे काटकोन म्हणतायत तेच ना?

काटकोन
हो, लाल दिवा विझणं म्हणजेच व्होल्टेज कमी पडणं. दोन कामं कर. आजच्या आज कोडमध्ये थ्रस्टरची लिमिट लाव. ईएससीला 1500 मायक्रोसेकंदचा सिग्नल म्हणजे थ्रस्टर थांबलेला, 1100 आणि 1900 म्हणजे दोन्ही दिशांना पूर्ण जोर. तुम्ही 1350 ते 1650 मध्येच खेळा आणि थ्रॉटल एकदम न देता हळूहळू चढू दे. तेवढ्यानेच प्रॅक्टिस सुरू होईल. मग 10 गेज वायर आणा. त्याच लांबीला 12 अँपिअरवर दीड व्होल्टच्या आतच लॉस होईल. फ्यूज सप्लायच्या टोकाजवळच ठेवा, मॅन्युअलमध्ये अंतर दिलंय, आणि वायर बदलली की एसआयडी पण बदला, जजेस विचारतात.

माईसाहेब
मुळात शाळेतल्या मुलांना तुम्ही नुसता रोबोट चालवायला दिलात की काही बनवायला पण दिलंत? मी रिटायर्ड शिक्षिका. बघून टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन विसरतात. सीपर्च म्हणून कार्यक्रम आहे, यूएस नेव्हीच्या ऑफिस ऑफ नेव्हल रिसर्चचा, त्यात मुलं पीव्हीसी पाइप कापून, मोटरला मेण भरून वॉटरप्रूफ करून स्वतः रोबोट बनवतात. तसं काही करा.

सईसावर
माई, चालवायलाच दिला, टबमध्ये रिंगा टाकल्या होत्या. सहावीतल्या एका मुलीने रिंग उचलून वर आणली आणि पुढच्या मुलाला कंट्रोलर द्यायलाच तयार नाही, तिची आई हाका मारत होती. ती विसरेल असं नाही वाटत मला. पण बनवायची कल्पना आवडली, कॉम्पिटिशन झाली की करू.

उंबरठा
कम्युनिटी कॉलेजच्या टीमने उगाच दबून राहू नये म्हणून सांगतो, ही कॉम्पिटिशन जिथून निघाली ते मेट सेंटरच कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे पेनिन्सुला या कम्युनिटी कॉलेजात होतं, एनएसएफ या अमेरिकी सरकारच्या विज्ञान संस्थेच्या पैशातून 1997 ला सुरू झालेलं. पहिली कॉम्पिटिशन 2002 ची. तुमच्यासारख्या टीमची खरी अडचण वेगळीच, दोन वर्षांत मुलं युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होऊन जातात आणि कुठली वायर कुठे गेली हे नव्यांना कळत नाही. प्रत्येक कनेक्टरवर लेबल लावा आणि टेदरची लांबी, गेज लिहून ठेवा.

गावाकडचा
माझ्या भाच्याला बारावीनंतर अमेरिकेत पाठवायचंय. कम्युनिटी कॉलेज करून युनिव्हर्सिटीत जाता येतं का? रोबोटिक्सचा उपयोग होतो का ॲडमिशनला?

सईसावर
लिमिट लावून चालवलं, एकदाही रीबूट नाही. मल्टीमीटरने मोजलं, पूर्ण जोर दिला की ट्यूबमध्ये 6.3 व्होल्ट येत होते, आता 9 च्या खाली जात नाही. काटकोन, खूप खूप आभार. सरांनी 10 गेजला होकार दिलाय. आता एकच शंका, जाड वायर जड आणि कडक असते, रोबोट ओढला जाईल का?

काटकोन
जाईल. सिलिकॉन इन्सुलेशनवाली बारीक तारांची वायर घे, ती लवते. टेदरला ठराविक अंतरावर फोमचे तुकडे बांध आणि टबमध्ये टाकून बघ, तरंगतही नाही नि बुडतही नाही अशी झाली पाहिजे. रोबोटच्या टोकाला स्ट्रेन रिलीफ पक्का कर, ओढ कनेक्टरवर येता कामा नये.

दर्यावर्दी
तरी ओ-रिंग एकदा बघाच.